सात महिने दिसल्या नाहीत

“बाई त्या खोलीत राहतच नाहीत, साहेब. सात महिने झाले, खोली टाकून भावाकडे गेल्यात.”

घरमालकाचा वकील बोलत होता. त्याचा आवाज घड्याळवालीच्या टेबलावरून, चिमटे आणि भिंगांच्या पसाऱ्यात ठेवलेल्या फोनमधून येत होता. फोन साधा, बटणांचा. साथीमुळे कोर्टाला कुलूप होतं आणि सुनावणी फोनवर चालली होती. कॅमेऱ्याचा फोन असलेले एकमेकांना दिसत होते, घड्याळवाली कुणालाच दिसत नव्हती. आपल्याच खोलीत, पाचव्या मजल्यावर, चाकांच्या खुर्चीत बसून आपण इथे नाही हे ती ऐकत होती.

“मी इथेच आहे, साहेब. माझ्या खोलीतूनच बोलतेय.”

“फोनवर काय, माणूस कुठूनही बोलतो,” वकील म्हणाला. तेही काही खोटं नव्हतं.

सात महिन्यांपूर्वी साथ आली तशी मालकाने लिफ्ट बंद केली. बटणांना दहा जणांचे हात लागतात, असं कारण दिलं. बाकीचे भाडेकरू सामान उचलून आपापल्या गावी गेले. घड्याळवालीचे पाय लहानपणीच गेलेले, ती कुठे जाणार? मागच्या गल्लीतली भाजीवाली दोरीच्या टोपलीतून भाजी, औषधं आणि दुरुस्तीची घड्याळं वर पाठवायची. गरिबांना फुकट वकील देणाऱ्या कार्यालयात तिने आठवडाभर फोन लावला, तिथे उचलायलाच कुणी नव्हतं. शेवटी कोर्टाला द्यायचं उत्तर तिने स्वतःच लिहिलं आणि त्याच टोपलीतून टपालात धाडलं.

सहा महिने खोली वापरात नसेल तर ती मालकाला परत मिळते, असा कायदा होता. एरवी कोर्टाने माणूस पाठवून पाहणी केली असती. साथीत तेही बंद. जे व्हायचं ते आज, साक्षीवर.

भावाने कालच समजावलं होतं. “ताई, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तू इकडे ये, हॉलमध्ये तुझी खाट टाकू.”

“पायऱ्या मला तशाही चढता येत नाहीत,” ती म्हणाली होती. “मी बसूनच भांडेन.”

भाऊ मायाळू होता. पण त्याच्या हॉलमध्ये तिचं टेबल मावत नव्हतं. टेबल गेलं की घड्याळवाली संपली, उरली नुसती बहीण. तिला ते नको होतं.

मालकाने साक्षीदार एकच आणला होता, फाटकावरचे वॉचमनमामा. जेवढं पाहिलं तेवढंच बोलायचं, असं त्यांना बजावून ठेवलं होतं.

“पाचव्या मजल्यावरच्या बाई तुम्हाला या सात महिन्यांत दिसल्या?” वकिलाने विचारलं.

“एकदासुद्धा नाही, साहेब.”

“झालं तर मग,” वकील म्हणाला.

“बाई, तुम्हाला साक्षीदाराला काही विचारायचं आहे?” न्यायाधीशांनी विचारलं.

मामा खोटं बोलताहेत, असं ओरडावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मामा खोटं बोलतच नव्हते. ते पुढच्या फाटकावर, तिची खिडकी मागच्या गल्लीत. त्यांना ती खरंच दिसली नव्हती. आणि मामांना ती चांगली ओळखत होती. त्यांना काहीही बोला, ते हसून सोडून देत. त्यांच्या पहाऱ्याला मात्र नाव ठेवायचं नाही.

“मामा, राग मानू नका,” ती गोड आवाजात म्हणाली. “दुपारी जेवणानंतर माणसाचा डोळा लागतोच. तेव्हाच कधीतरी मी निघून गेले असेन. तुम्हाला कळलंही नसेल.”

“डोळा?” मामांचा आवाज चढला. “साहेब, अकरा वर्षं आहे मी इथे! दिवसा मी, रात्री माझा सख्खा भाऊ. या दारातून माशी गेली तरी वहीत नोंद होते. नाव, वेळ, अंगात ताप किती, सगळं!”

“मग मागच्या दाराने गेले असेन.”

“मागे दार आहेच कुठे? जायला-यायला हे एकच!”

“मामा, विचारलं तेवढंच बोला,” वकील घाईघाईने म्हणाला. पण मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. ते आता कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हते.

“मग मला शेवटचं कधी पाहिलंत?” तिने विचारलं.

“लिफ्ट बंद केली त्या सकाळी. तुम्ही दवाखान्यातून आलात. मीच खुर्ची लिफ्टमध्ये ढकलली, वर दारापर्यंत सोडली. खाली आलो आणि मालकांनी सांगितलं म्हणून खटका पाडला. वहीत आहे.”

“आणि मी खाली कधी उतरले?”

“कधीच नाही! वही दाखवू?”

फोनमध्ये कुठेतरी कागद सळसळले. घड्याळवालीला आणखी काही विचारायचं नव्हतं. तिने फोन जरा जवळ ओढला.

“वॉचमन,” न्यायाधीश सावकाश म्हणाले, “मग या बाई आत्ता कुठे आहेत?”

“कुठे म्हणजे? वरच, साहेब,” मामा म्हणाले. “जातील कुठे? लिफ्ट बंद आहे ना.”