संमतीची सही

मंचेरियलच्या एका कॉलेजात चंपत सरांनी भंगारातलं सामान जोडून लेसर उभा केला आणि त्यावर जन्मभर संशोधन केलं. त्यांचा आजार वाढत चालला, तशी त्यांची सहकारी द्वारका कासावीस झाली. आंध्रातल्या एका विज्ञान परिषदेच्या फेलोशिपसाठी तिनं त्यांच्या नावाची शिफारस लिहिली. आता सरांची संमतीची सही तेवढी हवी होती, म्हणून ती नेरडीगोंड्याला त्यांच्या घरी धावत आली.

"सर, आजच सही करा. आता वेळ नाही राह्यला," ती काकुळतीनं म्हणाली.

सरांनी शिफारस सावकाश, शेवटपर्यंत वाचली. त्यांचे डोळे भरून आले.

"लय मोठं काम हाये, बाई," ते म्हणाले.



"पण हे चंपत सर राह्यतात कुठं? एकदा भेटवा न मले त्यायले."