बंदीआधीचा शनिवार

रांग बंदुकांच्या दुकानाच्या दारातून निघून, शेजारच्या लाँड्रीला वळसा घालून पार्किंगपर्यंत गेली होती. त्या रांगेत ओडेट फुर्तादोला आपली मुलगी दिसली.

तिने गाडी तशीच कडेला घेतली. मागच्या सीटवर गोड पावांची टोपली होती. चर्चच्या हॉलमध्ये आज नव्या कायद्याचा आनंद साजरा व्हायचा होता, आणि तो आनंद खरं तर ओडेटचाच होता. दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा नेल्सन बंदरावरच्या बाजारात मासे आणायला गेला आणि तिथेच गेला. एक विशीतला पोरगा अर्धस्वयंचलित रायफल घेऊन आला होता, रीतसर दुकानातून विकत घेतलेली. लोकांना ओरडायलाही सवड मिळाली नाही. त्यानंतर असल्या रायफली बंद व्हाव्यात म्हणून ओडेटने राजधानीच्या खेपा घातल्या. प्रत्येक सुनावणीला मुलाचा फोटो छातीला लावून ती बोलली. विरोधातले लोक तिच्यासाठी दार उघडून धरायचे, हळू आवाजात सांत्वन करायचे आणि मग आत जाऊन आपल्या हक्कांबद्दल बोलायचे. शेवटी या वसंतात कायदा झाला. एक जुलैपासून राज्यात असली रायफल विकता येणार नव्हती.

आणि जून संपत आला होता.

"लिडिया! अगं, तू इथे काय करतेयस?"

लिडियाला सातवा महिना होता. उन्हाने तिचा चेहरा लाल झाला होता. तिने आईकडे पाहिलं, पण ती दचकली नाही.

"दिसतंय की तुला."

"ओ बाई, मध्ये घुसू नका हं," मागचा टोपीवाला हसत म्हणाला. "रांग तिकडून आहे. आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत?"

"माझी आई आहे," लिडिया म्हणाली. "तिला काही नकोय."

ओडेटने आवाज खाली आणला. "चल, गाडीत बस. घरी जाऊन बोलू."

"घरी कोण आहे? रुई बोटीवर गेला की पंधरा पंधरा दिवस नवऱ्याचं तोंड दिसत नाही. मी आणि हे पोट, दोघंच असतो."

"म्हणून रायफल? तुझ्या घरात? नेल्सनच्या बहिणीच्या घरात?"

"नेल्सनची बहीण आहे म्हणूनच उभी आहे मी."

ओडेटने तिचा दंड धरला. लिडियाने तो सोडवून घेतला, रागाने नाही, हळूच.

"आई, तूच मला फोनवर सांगितलं होतंस ना? नव्या विकायच्या नाहीत, पण ज्यांच्या घरात आहेत त्यांच्याकडे राहणार. आमच्या समोरच्या घरात दोन आहेत. रुईच्या मामाकडे किती आहेत, त्याचं त्याला माहीत नाही. एक तारखेनंतर त्या सगळ्यांकडे असणार आणि माझ्याकडे काय असणार? दाराची कडी?"

ती सूट ठेवली तेव्हा कायदा मांडणाऱ्या आमदारबाईंनी ओडेटलाच बाजूला घेऊन विचारलं होतं. घरातल्या बंदुकांना हात लावला तर मतं मिळणार नाहीत, ओडेट, एवढं तरी पदरात पाडून घेऊ. आणि ओडेटने मान डोलावली होती. तिला वाटलं होतं, सुरुवात तर होईल.

"दोन वर्षांपूर्वी का नाही घेतलीस मग?" ती कशीबशी म्हणाली.

"तेव्हा कधीही मिळत होती. मनातसुद्धा नव्हतं गं माझ्या. आता मिळणार नाही म्हटल्यावर झोप लागेना."

"आमचंही तेच," टोपीवाला मध्येच म्हणाला. "बायकोला बंदुकीचं नाव काढलेलं चालत नव्हतं. काल म्हणते, जा, आता तरी जा."

पुढचे दोघं तिघं हसले. कोणीतरी पाण्याची बाटली लिडियाकडे दिली. ती घोटभर पाणी प्यायली आणि ओठ आवळून तिने एकदम कमरेवर हात ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. बाळ खाली दाबतंय. मला बाथरूमला जायला हवं." तिने लाँड्रीच्या दाराकडे पाहिलं. "जरा उभी राहतेस माझ्या जागेवर?"

"मी?"

"नको तर जा तू. लोक वाट बघत असतील चर्चमध्ये. मी येऊन पुन्हा शेवटी उभी राहीन."

ओडेटने रांगेच्या शेवटाकडे पाहिलं. तिथे डांबरावरून वाफ निघत होती, आणि आणखी गाड्या येतच होत्या. लिडिया उत्तराची वाट न बघता दोन्ही हातांनी पोट सावरत निघूनही गेली.

ओडेट तिथेच उभी राहिली. तिने कोणाकडे पाहिलं नाही. दुकानाचं दार उघडलं, चौघं लांब खोकी घेऊन बाहेर आले आणि दुसरे चौघं आत गेले. तिच्यापुढे जागा मोकळी झाली.

"सरका ना पुढे, बाई," टोपीवाला मायेने म्हणाला. "मुलीचा नंबर जाईल."

ओडेट पुढे सरकली.