बोटभर उंची

धावपट्टीवरच्या शर्यतीचं फाटक बंद व्हायला दहाच मिनिटं होती, आणि तपासनीस व्हर्जिल फीत धरून मान हलवत होता. "पोरी, गाडी रुंदीपेक्षा बोटभर उंच भरतेय. वळणावर उलटेल. सोडणार नाही." "बाजाराची गाडी ती, भाजी सांडेल," रांगेतला डेल हसला. कोरीननं वाकून चाकामागे पाहिलं. हिवाळाभर खपून तिनं बुटक्या स्प्रिंगा बसवलेल्या, मग उंच कशी? एकदम आठवलं, गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबकळत असतानाच चाकांच्या दांड्यांचे बोल्ट आवळले होते. दांड्यांच्या सांध्यांतली रबरं तिथेच अडकून गाडीला उचलून धरत होती. पाना घेऊन गाडीखाली शिरून तिनं बोल्ट ढिले केले. "डेल, दात काढू नकोस, बॉनेटवर बस." तो बसला, उतरला, गाडी कुरकुरत दबली. माप बरोबर भरलं. व्हर्जिल घड्याळ पाहून खुर्ची ओढत फाटकातच बसला. "आता नीट आवळ, पोरी. मी उठल्यावरच फाटक लागेल."