खंडेनवमीची घासणी

सन छत्तीसची खंडेनवमी. सकाळी आण्णाप्पा मास्तर परसात आले आणि दगडांकडे धावले. धुणंभांडी करणाऱ्या नागुबाईनं त्यांच्या बारा दगडांपैकी अकरा चिंचेनं घासून उन्हात मांडले होते. काल ते तांबडे होते, आज करडे.

"हे काय केलंस गं, नागुबाई?"

"आज हत्यारं पुजायची न्हाईत व्हय? समद्या खासबागेत इणकरांचं माग पुसून हळदकुंकू लावून झालं. तुमचं हत्यार म्हंजे ह्येच की, मास्तर. लई मळलं हुतं."

या दगडांपायी मास्तरांनी आठ वर्षं गुंजी गावचं रान पालथं घातलं, पुण्याच्या एका प्रोफेसराशी पत्रांतून भांडण मांडलं. भांडण तरी कसलं म्हणता? कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हवेत प्राणवायू होता की नव्हता! मास्तर म्हणत, होता. म्हणून तर दगडातलं लोखंड तेव्हाच आतपर्यंत गंजलं. प्रोफेसर म्हणत, छे! दगड जुना, गंज अलीकडच्या पावसाचा. एक फोडून आत बघा, करडाच निघेल, म्हणजे मिटलं. दर पत्रात हेच.

नमुना बिघडतो, असं मास्तर उलट टपाली कळवत. खरं सांगायचं तर हातोडी खुंटीलाच होती, छाती होत नव्हती.

त्यांनी एक घासलेला दगड उचलला, उलटापालटा केला. आत मुरलेला गंज चिंचेनं जात नाही, एवढं तर जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला कळत होतंच.

बारावा अजून टोपलीत होता. सगळ्यांत तांबडा, त्यांच्या सगळ्यांत भरवशाचा. तेवढा तसाच ठेवला आणि बाकीच्या अकरांचं पत्रात लिहिलंच नसतं, तर पुण्यात कुणाला काय कळणार होतं? मास्तरांनी तो हातात घेतला, पुन्हा टोपलीत ठेवला. आठ वर्षांचा शीण एकदम अंगावर आला.

"ह्यो तसाच ऱ्हाऊ दे का?" नागुबाईनं भीत भीत विचारलं.

"नको. घास."

तिनं पदर खोचला, चिंचेचा गोळा घेतला आणि जोर लावून घासायला लागली. देवाधर्माच्या वाटेला कधी न गेलेले मास्तर मनातल्या मनात कुलदैवताला हाका मारत होते. नागुबाईनं वरून तांब्याभर पाणी ओतलं.

"निघालं बघा, मास्तर!" ती हरखून म्हणाली. "वरवरचंच हुतं."