वडिलांचं उपरणं
सातपूरच्या आमच्या कारखान्याची सहल डहाणूच्या समुद्रावर निघाली, तेव्हा विंचूरहून आलेले वडील म्हणाले, "मी येऊ का रे? समुद्र नाय पाह्यला कधी." साहेबांसमोर त्यांचं गुडघ्यापर्यंतचं धोतर नको, म्हणून मी म्हणालो, "तात्या, बसमध्ये जागाच नाही. बाळालाही मांडीवरच न्यायचंय." त्यांनी लगेच खांद्यावरचं उपरणं काढून दिलं. "वारं लय असंल. पोराला गुंडाळ." बसमध्ये आमच्याच बाकावर तिसरी जागा रिकामी होती. उपरणं अंथरून बाळाला जाता-येता तिथंच झोपवलं. समुद्रावर ओल्या वाळूत पाय टेकताच बाळ खदखदून हसलं. बायको म्हणाली, "तात्या हवे होते." घरी वडिलांनी उपरणं झटकलं, वाळू बोटांनी चोळून पाहिली. "दिवसभर पोर मांडीवर! पाय अवघडले असतील. आण इकडं, चेपतो." नको म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं. मी पाय पुढे केले.