खांद्याखाली

रोड्सच्या बंदरावरचा सूर्यदेवाचा प्रचंड पुतळा भूकंपात गुडघ्यातून मोडला आणि त्याचा खांदा निकासाच्या घरावर पडला. ती पाणी आणायला गेली होती. नवरा दामोन घरात जाळं दुरुस्त करत बसला होता. खांदा हलवल्याशिवाय त्याला बाहेर काढता येणार नव्हतं.

पुतळा पुन्हा उभारायचा म्हणून परदेशच्या राजांनी दोरखंड आणि माणसं पाठवली. देवाला कौल लावला गेला. कौल वाचून दाखवायला गावाची सभा बसली, त्या सकाळी निकासा धाकट्या दिराला, फिलोनला म्हणाली, "भावजी, उचलायच्या बाजूनं हात वर करा. हाडं तरी हाती लागतील."

दुपारी तो परतला.

"देव म्हणतो, पडलोय तिथेच राहू द्या. सगळ्यांनी मान्य केलं, वहिनी."

"आणि तुम्ही?"

"देवाच्या विरुद्ध कसा जाऊ?"

तिनं त्याला जेवायला वाढलं.

* * *

बारा वर्षं झाली. परगावचे लोक पुतळा बघायला येतात, हौसेनं खांद्यावर चढतात, तेव्हा निकासा म्हणते, "उतरा हो खाली. आत माणूस आहे."