रिकामी चौकट

"खाला, लोगोत निदान डोळे तरी राहू द्या," भागवत म्हणाला.

जाहिदाखालाने जाड भिंगांचा चष्मा काढून पुसला आणि लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "न्हाई बेटा. हे तोंड तुझ्या घरचं हाय. माझ्या वेबसाइटला नको."

याच लोगोसाठी भागवत नांदेडहून देगलूरला आला होता. त्याने शिकवण्यांचे, डेअऱ्यांचे, एकमेकांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या दोन उमेदवारांचेही लोगो केले होते. इतका जीव मात्र कशातच ओतला नव्हता.

ज्या घरात गेलेल्या माणसाचा फोटोच नाही, त्या घरासाठी खाला चित्र काढायची. लोक सांगायचे, ती काढायची. नाक थोरल्या भावासारखं, हनुवटी पोरीसारखी. तिची ही चित्रं जगाने बघावीत, असं तिची भाची सादिया म्हणाली, आणि हे काम मीच करणार म्हणून भागवत हटून बसला.

त्याला कारण होतं. तो रांगत होता तेव्हा त्याची आई गेली. तिचा एकही फोटो नव्हता, माहेरचंही कुणी उरलं नव्हतं. त्याचे आबा, सटवाजी, अर्धापूरहून एसटीने खालाकडे आले. पण बैलाचं वर्णन विचारलं तर दिवस मावळेपर्यंत सांगत बसेल असा हा माणूस, बायकोबद्दल "चांगली व्हती" याच्यापुढे सरकेना. खालाने काढावं आणि आबांनी नाही म्हणून मान हलवावी, असं बरेच दिवस चाललं. शेवटी एक चित्र त्यांनी हातात धरलं, कितीतरी वेळ बघितलं आणि म्हणाले, "हीच."

त्या चित्रासमोर भागवत मोठा झाला. पहिली मार्कशीट त्याने तिथेच ठेवली. लग्न झाल्यावर बायकोला घेऊन आधी तिथेच वाकला. आई नसलेल्या पोराला खालाने आई दिली होती, आणि ते उपकार फेडायची ही पहिलीच संधी होती. म्हणून तर लोगोत आईचे डोळे हवे होते.

"मग काय काढू?" त्याने जरा फुरंगटूनच विचारलं.

"चौकट काढ. रिकामी. माझ्याकडं लोक तेवढीच घेऊन येत्यात."

आपल्यापेक्षा खालाचं डोकं चांगलं चालतं, हे त्याला कबूल करावं लागलं. त्याने तिथेच बसून चौकट काढली, वर एक खिळा दाखवला. खाला खूश झाली.

"आता तुमचा फोटो. कलाकाराच्या पानावर, ह्याच चौकटीत बसवतो."

"जिंदगीभर दुसऱ्यांची तोंडं काढली. माझं कोण बघून राहिलंय?" साखरेच्या आजारानं वाळलेले, बसके गाल तिने ओढणीने पुसले. "ते पान तसंच राहू दे."

निघताना तो पाया पडला. खालाने त्याची हनुवटी धरून वर केली आणि क्षणभर बघत राहिली.

"घरी भिंतीवरच हाय ना अजून?"

"देवघराच्या वर हाय. रोज दिवा लावतो."

"लई झालं," खाला म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली.

नांदेडला येऊन त्याने सगळी पानं लावली. कलाकाराचं तेवढं रिकामं राहिलं. ते बघून त्याला चुकल्यासारखं वाटत होतं. ज्या बाईने घरोघरची चौकट भरली, तिचीच मोकळी राहावी हे बरं नव्हे.

दोन दिवसांनी सादियाचा मेसेज आला. "खालाला सांगू नका. तिच्या पेटीच्या तळाशी एक फोटो सापडला. लग्नाच्या आधीचा हाय."

भागवतला आनंद झाला. त्याने फोटो तसाच चौकटीत टाकला. नेट हळू होतं, तो वरून खाली उमटत गेला. डोक्यावर ओढणी. मग कपाळ, डोळे, नाक, ओठ.

भागवतचे हात रोजच्या सवयीने जोडले गेले.

कपाळावर कुंकू तेवढं नव्हतं.